'सी' अक्षराची खात्री कोण देणार? सायटीजचा ट्रेड डेटाबेस वापरून पाहिला

महापे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी आयातीची कागदपत्रं बघते. त्याआधी बारा वर्षं सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, एअर कार्गोत एका क्लिअरिंग एजंटकडे होते. परमिट, एअरवे बिल, बिल ऑफ एन्ट्री यांतच अर्धं आयुष्य गेलं. तरी सायटीजचा ट्रेड डेटाबेस मी पहिल्यांदा नीट उघडला तो गेल्या दिवाळीनंतर, ठाण्याला घरी, उपवन तलावाच्या बाजूच्या आमच्या चौथ्या मजल्यावर. भाचा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतोय. त्याला प्रोजेक्टसाठी आकडे हवे होते आणि आत्याला यातलं कळतं असा त्याचा समज होता. त्या रविवारी साडेदहाला बसलो ते दुपारचं जेवण चार वाजता झालं. त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत मी तो डेटाबेस इतक्यांदा वापरला की आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायटीज म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. 1973 साली वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या, 1975 पासून लागू झाला, भारत 1976 मध्ये आत आला. प्रत्येक देशाने वर्षभरात काय आलं, काय गेलं याचा अहवाल पुढच्या वर्षाच्या 31 ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. सचिवालय जिनिव्हाला आहे. अहवालांतल्या ओळी एकत्र करून सांभाळायचं काम यूएनईपी-डब्ल्यूसीएमसी ही केंब्रिजची संस्था करते. 1975 पासूनच्या नोंदी कुणालाही बघता येतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही. वर्षं, देश आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकलं की फाइल उतरते.

आम्ही टाकलं ते नाव होतं मकाका फॅसिक्युलॅरिस. लांब शेपटीचं माकड, दक्षिण-पूर्व आशियातलं. प्रयोगशाळेत त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे 'सायनो' म्हणतात. औषध माणसाला देण्याआधी त्याची विषबाधा तपासायला जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माकड हेच. अँटिबॉडीच्या औषधांना तर हेच लागतं, कारण ती औषधं माणसाच्या ज्या प्रथिनाला चिकटतात ते उंदराच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात बरेचदा पुरेसं सारखं नसतं. आमच्याकडे जिवंत माकड येत नाही. आमच्याकडे येतो तो त्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ड्राय आइसमध्ये, छोट्या कुप्यांतून. औषध रक्तात किती उतरलं हे मोजायची पद्धत बसवताना औषध न दिलेल्या माकडाचा प्लाझ्मा लागतो, त्याला आम्ही ब्लँक प्लाझ्मा म्हणतो. सगळी माकडं सायटीजच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परमिटवरच व्यापार होणाऱ्या प्राण्यांच्या यादीत आहेत, फार धोक्यातली पहिल्यात. त्यामुळे जिवंत माकडाला जसं परमिट लागतं तसं दोन मिलिलिटर प्लाझ्मालाही लागतं.

2008 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे माकड 'फारशी काळजी नको' या गटात होतं. 2022 मध्ये ते 'धोक्यात' या गटात गेलं. त्या मधल्या चौदा वर्षांत मी किती कुप्या सोडवल्या असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

उतरलेल्या फाइलमध्ये रकाने मोजकेच असतात. वर्ष, परिशिष्ट, प्राणी, घेणारा देश, पाठवणारा देश, मूळ देश, घेणाऱ्याने सांगितलेला आकडा, पाठवणाऱ्याने सांगितलेला आकडा, वस्तू काय, एकक काय, हेतू, आणि शेवटी उगम. हेतू आणि उगम एकेका इंग्रजी अक्षरात. उगमाच्या रकान्यात डब्ल्यू असेल तर जंगलातून पकडलेलं. एफ म्हणजे जन्म बंदिस्त जागेत झाला, पण पैदाशीच्या सगळ्या अटी पुऱ्या होत नाहीत. आणि सी म्हणजे रीतसर पैदास केलेलं: आई-बाप बंदिस्त जागेत एकत्र आलेले, मूळ कळप कायद्याने आणलेला, जंगलातून नवी भर न घालता चालवलेला, आणि दुसऱ्या पिढीपर्यंत पैदास झालेली किंवा होईल अशी सिद्ध झालेली पद्धत.

सायनोच्या फाइलमध्ये वरून खाली बोट फिरवा. सी, सी, सी, सी. मध्ये कुठेतरी एफ. डब्ल्यू शोधावा लागतो.

भाचा म्हणाला, "आत्या, मग प्रश्नच मिटला की. सगळी फार्मवरची आहेत."

मी लगेच काही बोलले नाही, कारण तो सी मी स्वतः शेकडो वेळा भरलेला आहे. सहारला असताना पद्धत अशी होती: पाठवणाऱ्याच्या परमिटवर जे अक्षर असेल तेच आमच्या चेकलिस्टवर उतरवायचं. परमिटवर सी, म्हणून चेकलिस्टवर सी, म्हणून एनओसीच्या अर्जावर सी. चार कागदांवर तेच अक्षर दिसलं की सगळ्यांना वाटतं चार जणांनी तपासलं. तपासलं कुणीच नाही. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. परमिट देणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने फार्मवर जाऊन पाहिलं असेल तर त्या अक्षराला अर्थ आहे, नसेल तर नाही, आणि ते सहारच्या शेडमध्ये उभं राहून कळायला कसलीही सोय नाही. डेटाबेसमध्येही नाही. आपण जो सी भरतो तोच दोन वर्षांनी तिथे ओळ होऊन बसतो.

या एका अक्षराची किंमत काय असते ते नोव्हेंबर 2022 मध्ये दिसलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने आठ जणांवर आरोपपत्र उघड केलं, त्यांत दोघे कंबोडियाच्या वन खात्याचे अधिकारी होते. आरोप असा की जंगलातून पकडलेले सायनो फार्मवर जन्मलेले म्हणून खोट्या परमिटवर अमेरिकेत पाठवले गेले. दोघांपैकी एकाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली, तेव्हा तो पनामाला सायटीजच्याच बैठकीला निघाला होता. मार्च 2024 मध्ये मायामीच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. खटल्याचा निकाल त्या माणसापुरता. माझ्यासारखीला त्यातून उरलेला प्रश्न वेगळा आहे: सी खरा की खोटा हे ठरवायला जर कोर्टात जावं लागत असेल, तर रोजच्या कामात ते कोण ठरवतं?

आणि इथे डेटाबेस खरोखर उपयोगी पडतो. तो उत्तर देत नाही, पण कुठे बोट ठेवायचं ते दाखवतो. आम्ही 2010 पासून पुढची वर्षं घेतली, फक्त जिवंत माकडं, आणि पाठवणारे देश शेजारी-शेजारी मांडले. 2019 पर्यंत चीनचा रकाना भरलेला. 2020 च्या सुरुवातीला कोविड आल्यावर चीनने वन्य प्राण्यांचा व्यापार बंद केला, तिथून तो आटला. त्याच वेळी कंबोडियाचा रकाना फुगला. लसी आणि औषधांच्या चाचण्यांमुळे मागणी वाढलेली, एका माकडाचा भाव काही हजार डॉलरवरून 20 हजार डॉलरच्या पुढे गेल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या.

मग मी कागद घेतला आणि भाच्याला लिहायला लावलं. सायनोची मादी साधारण चौथ्या वर्षी वयात येते. गर्भ साडेपाच महिने. एका वेळी एकच पिल्लू, म्हणजे वर्षाला फार तर एक. प्रयोगशाळांना साधारण दोन ते चार वर्षांचं माकड हवं असतं. म्हणजे 2021 मध्ये पेटीत बसलेलं तीन वर्षांचं माकड 2018 मध्ये जन्मलेलं असायला हवं, आणि त्याची आई त्याच्या आधी निदान साडेचार वर्षं, म्हणजे 2013 च्या सुमाराला. 2020 मध्ये मागणी वाढली म्हणून 2021 मध्ये विकायला तीन वर्षांची माकडं तयार होत नाहीत. कोंबड्यांची गोष्ट वेगळी. फार्मवाल्याने साठा मोडला, पैदाशीच्या माद्याही विकल्या, तर एखादं वर्ष आकडा वर जाऊ शकतो. पण मग पुढची वर्षं तो खाली यायला हवा. हे गणित दहावीच्या मुलीला येईल. ते करायला लागणारा पहिला आकडा हा डेटाबेस देतो. दुसरा, म्हणजे त्या फार्मवर त्या वर्षांत जन्म किती झाले, मेली किती, पैदाशीच्या माद्या किती, तो कुठेच दिसत नाही. माझ्या मते सगळ्या डेटाबेसमधली सगळ्यात मोठी उणीव हीच, आणि ती केंब्रिजच्या लोकांची नाही. देशांकडून जे मागितलं जातं तेच ते मांडतात. मागायलाच हवं होतं ते मागितलेलं नाही.

आता वापरणाऱ्याला अडवणाऱ्या गोष्टी. घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा आकडा बहुतेक ओळींत जुळत नाही. पहिल्यांदा पाहिलं की चोरीच सापडली असं वाटतं. तसं नसतं. काही देश प्रत्यक्ष गेलेला माल लिहितात, काही नुसती दिलेली परमिटं. परमिट 500 चं, गेली 320, तरी नोंद 500. डिसेंबरात निघालेली खेप जानेवारीत उतरली तर दोन देशांत दोन वर्षं. त्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज कधीच करू नका, भाच्याने पहिल्या तासात तेच केलं होतं. हेतूच्या रकान्यातही गोंधळ आहे. एकाच प्रकारची खेप कुठे एम म्हणजे वैद्यकीय, कुठे एस म्हणजे शास्त्रीय, कुठे टी म्हणजे सरळ व्यापारी. फक्त एम निवडून 'संशोधनाला गेलेली माकडं' मोजलीत तर मोठा भाग हातातून निसटेल. सगळे हेतू घ्या आणि मग वाचा. मूळ देशाचा रकाना रिकामा नसेल तर तिथे थांबा: प्लाझ्मा अमेरिकेतून आला तरी माकड मॉरिशसचं असू शकतं, तो पुनर्निर्यातीचा माल. मॉरिशसचे सायनो तिथले मूळचे नाहीत, काही शतकांपूर्वी जहाजांवरून आलेले आहेत, त्यामुळे तिथल्या सी-डब्ल्यूचा प्रश्न कंबोडियाइतका जंगलाशी बांधलेला नाही, पण प्राण्याच्या हालांशी तितकाच.

ताजे आकडे मिळणार नाहीत, हे धरूनच चला. ऑक्टोबरची मुदत, त्यात उशीर करणारे देश, मग तपासणी. दीड-दोन वर्षांपूर्वीचं चित्र दिसतं. परमिटचे क्रमांक जनतेला दिसत नाहीत. व्यापाऱ्यांच्या गुप्ततेसाठी ते झाकतात, कारण समजतं, पण त्यामुळे एका परमिटवर दोनदा माल गेला का हे तुम्ही-आम्ही सहज शोधू शकत नाही. वाटेत मेलेल्यांचा रकाना नाही. ही गोष्ट मला टोचते. एअर कार्गोत मी माणसं पाहिली आहेत जी पेटीतल्या कुत्र्याला पाणी मिळालं का हे ड्यूटी संपल्यावरही बघून जायची. कागदावर त्याला जागा नसते. जानेवारी 2022 मध्ये पेनसिल्व्हेनियात मॉरिशसहून आलेल्या 100 सायनोंचा ट्रक अपघातात सापडला, तेव्हा लोकांना कळलं की ही माकडं विमानाच्या पोटातून येतात. त्यानंतर केनिया एअरवेजने ही वाहतूक सोडली, 2023 मध्ये एअर फ्रान्सने सोडली. असले बदल अपघाताने झाले, अहवालांच्या रकान्यांनी नाही.

एककांचा घोळ मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी आमची एक खेप सहारला अडकली. परमिटवर 50 मिलिलिटर, इनव्हॉइसवर 50 कुप्या, आणि कुपी दोन मिलिलिटरची. म्हणजे माल दुप्पट. पाठवणाऱ्याचं म्हणणं, टायपिंगची चूक. इथल्या अधिकाऱ्याने खेप रोखली आणि ते बरोबर होतं. तीन दिवसांत दोनदा ड्राय आइस भरायला लावला, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) वेगळं, शेवटी सगळा माल फेकला. तेव्हा मी त्या अधिकाऱ्यावर फार चिडले होते. आता डेटाबेसमध्ये मिलिलिटर, ग्रॅम आणि नुसते नग यांचे आकडे एकाखाली एक बघते तेव्हा कळतं की त्या दिवशी तरी एका ओळीत खोटा आकडा गेला नाही.

भाच्याने मध्येच विचारलं, "आपल्याकडून पण जायची का गं माकडं?" जायची, आणि जगात सगळ्यात जास्त आपल्याकडूनच. पोलिओच्या लशीसाठी लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांची मूत्रपिंडं लागत. 1950 च्या दशकात वर्षाला एक लाखाहून जास्त माकडं भारतातून बाहेर गेली. 1955 मध्ये लंडनच्या विमानतळावर जवळजवळ 400 माकडं गुदमरून मेली, तेव्हा सरकारने निर्यात थांबवली, मग फक्त वैद्यकीय कामासाठी वापरू अशा लेखी हमीवर पुन्हा सुरू केली. ती हमी अमेरिकेत पाळली गेली नाही, लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत माकडं वापरली गेल्याचं बाहेर आलं, आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने 1 एप्रिल 1978 पासून निर्यात बंद केली. मी तेव्हा अकरा वर्षांची. वडील सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, आणि आई स्वयंपाकघरातून "बरं झालं" म्हणाली होती, एवढं आठवतं. आपली दारं बंद झाल्यावर सायनोवरचा भार वाढला, हे मात्र तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून नुसती बंदी हे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. 2020 मध्ये कोव्हॅक्सिनची तपासणी पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेत 20 ऱ्हीसस माकडांवर झाली, आणि ती लस मी घेतली आहे. माझ्या पगारातही या माकडांचा वाटा आहे. पण जे धोक्यात आहे ते घेताना ते कुठून आलं हे विचारणं एवढं तरी आपल्या हातात आहे. मार्च 2023 मध्ये आपल्या औषध-चाचणीच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींना जागा मिळाली. आमच्या प्रयोगशाळेत त्याची चर्चा चालू आहे, अजून प्लाझ्मा मागवावा लागतो.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर येऊरच्या जंगलातली माकडं येतात. आपली टोपी माकडं, सायनोची चुलत भावंडं. त्या रविवारीही एक मादी होती, पोटाला महिनाभराचं पिल्लू. अर्धा तास ती त्याला उतरू देत नव्हती, शेपूट धरून मागे ओढत होती. भाचा लॅपटॉप सोडून खिडकीशी उभा राहिला. "वर्षाला एक," एवढंच म्हणाला.

मी या सेवेला पाचपैकी साडेतीन देते. फुकट आहे, पन्नास वर्षांच्या नोंदी आहेत, वापरायची मार्गदर्शिका व्यवस्थित लिहिली आहे (आधी ती वाचा, आम्ही शेवटी वाचली), आणि ठाण्यातल्या एका घरात बसून दोन देशांमधला व्यवहार तपासता येतो, ही लहान गोष्ट नाही. दीड तारा जन्मांच्या रकान्यासाठी राखून ठेवला आहे. पत्रकार, विद्यार्थी, आणि माझ्यासारखी परमिटं भरणारी माणसं, यांनी नक्की वापरावी. माकडं फार्मवरची आहेत याचा पुरावा म्हणून कुणी ती तुमच्यापुढे धरली, तर मात्र मान डोलावू नका.

जानेवारीत पुढच्या प्लाझ्माची ऑर्डर निघाली. या वेळी मी दोन्ही पुरवठादारांना मेल केला: ज्या माकडांचं रक्त आहे त्यांच्या छातीवरचे गोंदण-क्रमांक, जन्मतारखा आणि आईचे क्रमांक पाठवा. एकाकडून परमिटची प्रत पुन्हा आली, त्यावर सी. दुसऱ्याने दहा दिवस घेतले आणि तीन पानांची यादी पाठवली. मी एकेक तारीख तपासली, आईचं आणि पिल्लाचं वय जुळतं का ते मांडून पाहिलं. जुळलं. माल महाग पडला आणि तीन आठवडे उशिरा आला. खरेदी विभागाने कारण लेखी मागितलं, ते मी दिलं, आणि साहेबांनी त्यावर सही करून यादी फाइलला लावली.